बारावा फर्मा

स्वाध्याय वाचनालय,
घोटावडे, ता. मुळशी
३ ऑगस्ट २००८

सभासद क्रमांक एक, सौ. उषा यांस,
मुक्काम गोजरामावशींचं घर, मारुंजी.

वाचनालयातर्फे नमस्कार.

एप्रिलपासून आपल्या नावावर एकही पुस्तक गेलेलं नाही. नियमाप्रमाणे आपलं सभासदत्व बंद व्हायला हवं होतं. परंतु आपण पहिल्या सभासद, शिवाय दारावरची पाटी आपण रंगवलेली, म्हणून अपवाद करण्यात आला आहे. यापुढे दर महिन्याला मी वाचलेल्या नव्या कादंबऱ्यांतली सर्वांत आवडलेली एक थरारक आणि एक प्रेमाची, अशी दोन पुस्तकं विश्रामच्या टेम्पोतून आपल्याला पोचवली जातील. सोबत टिपण असेल. ही सोय घोटावड्याबाहेर राहणाऱ्या सर्व सभासदांसाठी आहे. सध्या अशा सभासद आपण एकट्याच आहात.

जुलैचं टिपण.

थरारक: ‘दुसऱ्या पाळीचा माणूस’. कारखान्यात मेलेला एक कामगार रोज दुसऱ्या पाळीला हजेरी लावतो. पहिली शंभर पानं मी जेवण विसरून वाचली. मात्र लेखक पॉवर प्रेससमोर कधी उभा राहिलेला नाही. त्याचा खुनी एका हातात चहाचा ग्लास धरून प्रेस चालवतो. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येतच नाही. पिरंगुटच्या कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, मला कोणी शिकवू नये. तरी पुस्तक चांगलं. त्या पानावर पेन्सिलीने बारीक टीप लिहिली आहे, ती पाहावी.

प्रेमाची: ‘पिवळं दार’. या प्रकारातलं मी आधी वाचत नसे हे आपल्याला माहीत आहे. सभासदांना काय द्यावं हे कळायला हवं म्हणून वाचली. नायक दोनशे पानं गप्प बसतो. एका वाक्यात मिटलं असतं, पण ते वाक्य तो बोलत नाही. चिडून दोनदा पुस्तक मिटलं आणि दोनदा उघडलं. असे पुरुष असतात का, कोण जाणे.

बाकी इकडे सर्व ठीक. स्वयंपाक मीच करतो, भाकरी आता जवळजवळ गोल येते. पुढच्या खोलीत खानावळ काढण्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे. फोडणीचा वास कागदात शिरला की निघत नाही. हे मी तुला रागाने सांगितलं नव्हतं, माहिती म्हणून सांगितलं होतं.

मावशींचा पाय आता बरा झाला असेल. त्यांच्या पायासाठी तू गेलीस, तेव्हा पाय बरा झाल्यावर काय, एवढंच विचारतो.

आपला,
एकनाथ
(ग्रंथपाल)


घोटावडे
७ सप्टेंबर २००८

सौ. उषास,

दोन्ही पुस्तकं परत आली. चिठ्ठी नव्हती. ‘पिवळं दार’ उघडलं तर हिंग-मोहरीचा वास आला. म्हणजे तुझी खानावळ मावशींच्या पुढच्या खोलीत जोरात चालली आहे, आणि माझं म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं. ते पुस्तक इतर पुस्तकांना वास लागू नये म्हणून कपाटात ठेवलेलं नाही. सध्या माझ्या उशाशी आहे.

गणपती मी बसवला. आरतीचं ताट शेजारच्या रंभाबाईंनी केलं. चतुर्थीच्या दिवशी विश्रामने एक डबा आणून दिला, आत मोदक. कोणी दिले म्हटलं तर म्हणतो, “दिलं कुनीतरी. खावा की नाना, पोलीस हायेत का तुमी?” डब्याच्या झाकणाला पोचा आहे. नळाखाली आपटून तो पोचा मीच पाडला होता. मोदक उत्तम होते, गूळ किंचित कमी चालला असता.

मावशींच्या पायाचंही त्याला विचारलं. तो हसायलाच लागला. “आवो कसला पाय! म्हातारी आरतीला सगळ्यांच्या म्होरं हुती, टाळ घिऊन. पायाचं पिल्याष्टर जून म्हैन्यातच काढलं न्हवं का?” मी म्हटलं, मला कल्पना होती. कल्पना नव्हती.

असो. ऑगस्टचं टिपण. या महिन्यात सहा वाचल्या, त्यातल्या या दोन खरोखर निवडक.

थरारक: ‘रिकाम्या बंगल्याचा पहारेकरी’. लवासासारखं नवं गाव तळ्याकाठी उभं राहतं आहे, बंगले तयार आहेत, राहायला कोणी नाही. पहारेकऱ्याला रोज सकाळी वरच्या खोलीतली गादी कोणी झोपून उठल्यासारखी दिसते. एवढंच. पण अंगावर काटा आला. दोष एकच. घाट चढताना नायक मोबाइलवर इन्स्पेक्टरशी सविस्तर बोलतो. टेमघरच्या पुढे विश्रामला साधी रिंग येत नाही, याला सविस्तर कसं बोलता येतं? तेवढी टीप लिहिली आहे.

प्रेमाची: ‘तुझ्या गावची एसटी’. कंडक्टर आणि शाळेतली बाई. रोज त्याच गाडीने ती जाते आणि तो तिच्याकडे सुट्टे पैसे मागत नाही, यावरून सगळ्या गाडीला कळतं. लेखिका नवीन आहे, पण तिने एसटीने प्रवास केला आहे हे समजतं. कुठेही टीप लिहावी लागली नाही. मला हे पुस्तक आवडलं, असं मी लेखी देतो. शेवट सांगत नाही, तो वाचनालयाचा नियम आहे.

दोन्ही पुस्तकं मीच नव्याने बांधली. हल्ली प्रकाशक नुसता डिंक फासतात, चार वाचकांत पानं सुटतात. तुला ठाऊकच आहे, मी आधी पुस्तक सोडवतो, सोळा-सोळा पानांचे फर्मे वेगळे करतो, दोऱ्याने शिवतो आणि लोखंडी शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवतो. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पुस्तकाची खूण आणि फर्म्याचा आकडा असतो. ते तू मोठ्याने वाचायचीस, मी सुई घालायचो. आता दोन्ही कामं मीच करतो. काही अडत नाही.

एकनाथ


घोटावडे
२१ सप्टेंबर २००८

उषा,

आज सकाळी वाचनालयासमोर एक स्कूटी थांबली. हेल्मेट काढून एक मुलगी आत आली, हातात काही नाही, पण चेहरा तक्रारीचा.

“एकनाथकाका तुम्हीच ना? उषाकाकूंचे... म्हणजे, लायब्ररीवाले?”

मी म्हटलं, दोन्ही.

“मी जुईली. मावशींकडे भाड्याने राहते, हिंजवडीत जॉब आहे. मूळची अमरावतीची. मला ना, एक कम्प्लेंट करायचीय. सीरियस आहे.”

वाचनालय सुरू केल्यापासून तक्रार आलेली नाही. मी तिला स्टूल दिलं.

तू हे मला कधी कळवलं नाहीस की खानावळीत रोज संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता तू माझ्या पुस्तकांची गोष्ट सांगतेस. ती सांगत होती, “रोज एक चॅप्टर. काकू बरोब्बर सस्पेन्सवर थांबतात आणि म्हणतात, ‘आता भात घ्या.’ आमच्या ऑफिसची पोरं त्यासाठी ओव्हरटाइम टाळतात, काका! आणि परवा ‘पहारेकरी’चा एंड होता. सगळे श्वास रोखून. पहारेकरी त्या बाईला वरच्या खोलीत पकडतो. पिस्तूल रोखतो. आणि म्हणतो...”

ती थांबली. तुझ्याकडूनच शिकली असावी.

“काय म्हणतो?” मी विचारलं. मला ठाऊक होतं. तो म्हणतो, ‘चाव्या खाली टाक.’

“म्हणतो, ‘आता तरी घरी येशील ना?’”

मी म्हटलं, असं पुस्तकात नाही.

“आहे! मी स्वतः वाचलं. पुढे तो तिच्या बॅगा एसटीत चढवतो आणि लग्न होतं! पिस्तूल कुठे गेलं कोणालाच माहीत नाही. आमचा तो मनीष रडला, काका. अकाउंट्समधला माणूस आहे तो.”

आणि ‘एसटी’मध्ये बाई दार उघडते, समोर कंडक्टर, आणि तो म्हणतो, ‘चाव्या खाली टाक.’ पुढच्याच ओळीत इन्स्पेक्टर उभा. ‘मृतदेह तळ्यात सापडला आहे.’ जेवणारे दोन गटांत भांडले म्हणे. एक गट म्हणतो कंडक्टरने खून केला, दुसरा म्हणतो, सुट्टे न देणाऱ्या प्रवाशाचाच केला असणार, मग तो खून धरायचा नाही.

ती हसत होती. मी मनात पानं मोजत होतो. दोन्ही पुस्तकं एकाच आकाराची, एकाच छापखान्यातली, दोन्हींचा शेवटचा फर्मा बारावा, दोन्ही एकशे सत्त्याहत्तर पानावर सुरू होणारे. मी आकडा पाहिला. आकड्याआधीची खूण पाहिली नाही. ती तू वाचायचीस. ‘एसटी, बारा’. ‘पहारा, बारा’. अजून आवाज आठवतो.

जाताना जुईली म्हणाली, “काकूंनी एक विचारायला सांगितलंय. म्हणाल्या, नीट ऐकून ये, काय म्हणतात ते. हे चुकून झालं, का मुद्दाम केलं?”

मी म्हटलं, चौकशी करून कळवतो.

“कोणाची चौकशी? बाइंडिंग तर तुम्हीच करता.”

मी तिला सभासद करून घेतलं.

म्हणजे तुला पुस्तक हातात घेताक्षणी कळलं असणार. तू ते परत पाठवलं नाहीस, सांगितलं नाहीस, जसंच्या तसं सगळ्यांसमोर वाचलंस. कृपया दोन्ही पुस्तकं तपासणीसाठी विश्रामबरोबर पाठवावीत.

एकनाथ


घोटावडे
५ ऑक्टोबर २००८

उषा,

पुस्तकं आली नाहीत. विश्रामने सांगितलं, “वहिनी म्हनली, आधी जबाब, मग पुस्तकं.”

सप्टेंबरचं टिपण द्यायला हवं. चार थरारक आणि तीन प्रेमाच्या वाचल्या. एकीत पोलीस कुत्र्याला सर्दी होते आणि खुनी सुटतो, ती बरी होती. पण खरं सांगायचं तर कोणतीच लक्षात राहिली नाही. पान उलटलं की पहारेकरी पिस्तूल रोखून उभा. महिन्यातलं आवडतं पुस्तक म्हणून मला तेच लिहावं लागेल, जे कोणा लेखकाने लिहिलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी दोन आठवडे टाळलं. विश्रामचा सल्ला सोपा होता. आपल्या ओट्यावर बसून तो म्हणाला, “मुद्दाम केलं म्हना की नाना! वहिनी खूस, तुमी खूस. कुनाच्या बापाला कळतंय? उलट मानसं म्हनतील, काय डोकं हाय नानाचं!”

मोह झाला. तसं एक पत्र लिहिलंही. फार चांगलं जमलं होतं. त्यात मी असा माणूस होतो, ज्याने विचार करून, पानं मोजून, बायकोला बोलवायला दोन कादंबऱ्यांचे शेवट बदलले. वाचून मलाच माझं कौतुक वाटलं. मग ते फाडलं, कारण तू ते पाहिल्याबरोबर ओळखलं असतंस. ‘एसटी’च्या शिवणीत एक टाका सैल आहे. मुद्दाम केलेल्या कामात मी टाका सैल सोडत नाही, हे जगात फक्त तुला माहीत आहे.

तेव्हा लिहितो. चुकलं. माझ्याकडून चुकलं. छापखान्याची चूक नाही, दिव्याची नाही, चष्म्याची नाही. तू शेजारी बसून खूण वाचत नव्हतीस आणि मी वाचणाऱ्याशिवाय काम करायला बसलो, म्हणून चुकलं. माझ्या हातून पुस्तक बांधताना झालेली ही पहिली चूक आहे. (तू म्हणशील दुसरी. पंचांगाचं ते प्रकरण मी चुकीत धरत नाही, पुठ्ठाच ओला होता.)

पण पुढचंही लिहितो, नाहीतर उत्तर अर्धं राहील. पहारेकऱ्याच्या तोंडी जे वाक्य पडलं, ते मी तिथे ठेवलं नव्हतं. आता ते तिथून काढायला मला कोणी सांगितलं, तर मी काढणार नाही. वाक्य लेखिकेचं आहे, पिस्तूल लेखकाचं आहे, विचारणारा मात्र मी आहे असं समजावं.

उत्तर नाही आलं तरी पुढच्या महिन्याची पुस्तकं वेळेवर येतील. सेवा त्यावर अवलंबून नाही.

एकनाथ

ता. क. खूण वाचायला रंभाबाईंना बसवून पाहिलं. त्या प्रत्येक आकड्यानंतर “मग म्होरं काय झालं?” विचारतात.


घोटावडे
२५ ऑक्टोबर २००८

उषा,

विश्रामने तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. मी त्याच्याकडून तीनदा सांगून घेतला, शेवटी तो वैतागला. “नाना, मी काय टेपरिकाट हाय का?” पण शब्द चुकायला नकोत.

तो म्हणाला, तू पोळी लाटत होतीस. पत्र उभ्यानेच वाचलंस. मग परत पहिल्यापासून वाचलंस. तव्यावरची पोळी करपली आणि मनीषने ती मुकाट्याने खाल्ली. मग तू म्हणालीस, “मुद्दाम केलं म्हनले असते, तर दोनी पुस्तकं टेम्पोत फेकली असती. चुकलं म्हनलेत न्हवं? स्वताच्या अक्षरात? मग सांगा त्यांना, बारावे फर्मे हितं हायेत आन मी काय ते धाडायची न्हाई. शिवायचे तर शिकंजा घिऊन हितं या.”

मी खरं तर विचार करत होतो तू इकडे येण्याचा. पुढची खोली तुझ्या खानावळीसाठी रिकामी करायला घेतली होती, दोन कपाटं हलवलीसुद्धा. पण तू जे विचारलं आहेस ते वेगळं आहे. तुझी चूल पेटली आहे, जेवायला माणसं येतात, गोष्ट ऐकायला थांबतात. ते उचलून इकडे आण म्हणणं म्हणजे अर्धं वाचलेलं पुस्तक सभासदाच्या हातातून काढून घेणं. हे मला कपाट हलवताना कळलं, मध्येच. मग पुन्हा हलवून जागेवर ठेवलं.

मावशींचाही निरोप मिळाला: “जावयाला म्हनावं मागली खोली मोकळी हाय. भाडं न्हाई घ्यायची. पर भांडला तर घीन.” त्यांना सांग, अट मान्य आहे. पण भांडण कशाला म्हणायचं आणि माहिती देणं कशाला म्हणायचं, हे आधी ठरवावं लागेल.

दारावर पाटी लावली आहे: ‘वाचनालय पुढील सूचनेपर्यंत फक्त बुधवारी उघडेल.’ रंभाबाईंनी वाचून विचारलं, “आन बाकीचं दिस?” मी म्हटलं, मारुंजीला शाखा निघते आहे. “व्हय का? मग शाखेला माझा नमस्कार सांगा,” म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत घरात गेल्या.

शिकंजा आज दुपारी टेम्पोत चढवला. विश्राम, त्याचा भाऊ जयसिंग, मी आणि रस्त्याने जाणारा एक माणूस, असे चौघे लागलो. खाली पोती अंथरली, स्क्रूला तेल घातलं. सोबत सुया, दोरा, पुठ्ठा, कापड. खळीसाठी मैदा तुझ्याकडचा घेईन. खळीत घालायचं मोरचूद माझ्याजवळच राहील, ते स्वयंपाकघराच्या जवळ यायला नको, किडीला मारतं ते माणसालाही सोडत नाही. पुस्तकांची दोन खोकीही घेतली आहेत. त्यांना फोडणीचा वास लागेल. लागू दे. ‘पिवळं दार’ त्यात सर्वांत वर आहे.

एक ठरवायचं राहिलं. फर्मे आपापल्या जागी परत घालायचे की नाही? नियमाप्रमाणे घालायला हवेत. पण जुईलीचं म्हणणं, खानावळीतली माणसं ऐकायची नाहीत, त्यांना पहारेकऱ्याचं लग्न हवं आहे. माझी सूचना अशी: एकेक नवी प्रत घेऊ. एक जोडी लेखकांनी लिहिली तशी, एक आपल्याकडून झाली तशी. दुसऱ्या जोडीवर वाचनालयाचा शिक्का मारणार नाही. ती तुझी.

हे पत्र टपालाने टाकलेलं नाही. उद्या सकाळी ते आणि मी एकाच टेम्पोतून येतो आहोत. आधी पत्र आत नेऊन द्यायला विश्रामला सांगितलं आहे. तुझं वाचून होईपर्यंत मी टेम्पोतच बसेन. घाई करू नकोस, पोळी करपू देऊ नकोस.

फक्त एक लक्षात आणून देतो. शिकंजा फार जड आहे. एकदा उतरवला की तो पुन्हा चढवायचा कोणाला उत्साह राहणार नाही. तेव्हा उतरवा म्हणण्याआधी नीट विचार कर, आणि म्हणायचं असेल तर दारात येऊन म्हण. मला आतून ऐकू येणार नाही.

खूण तू वाच. मी शिवतो.

एकनाथ